प्रत्येक तिसरी फाइल

सकाळी ७.१०

बदलापूर ते अंबरनाथ एकच स्टेशन. पण मुंबईकडे जाणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये त्या एका स्टेशनात आतून दारापर्यंत पोचणं, हेच दिवसाचं पहिलं काम. बाहेर पाऊस, आणि पावसात दामटून चार माणसं बसवणारी शेअर रिक्षा. मोरिवली एमआयडीसीकडे वळलं की वास बदलतो. आधी तळलेली भजी आणि डिझेल, मग ओल्या हवेत खाली बसलेला रसायनांचा आंबूस दर्प. रिक्षावाल्याने नाकाला रुमालही लावला नाही. इथल्यांना तो वास घड्याळासारखा झालाय.

रिक्षातच कारखान्यातल्या एचआर मॅडमचा मेसेज आला. "गेटचं सॉफ्टवेअर काल परत चारदा बाहेर पडलं. गेटवरच्या काकांना आज मेमो देतोय. तुम्ही येताय ना?"

मी एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. या पट्ट्यातल्या कारखान्यांची गेटपास, चलन, काट्याची वजनं अशी कामं आम्ही सांभाळतो. हा कारखाना रंगांना लागणारी रसायनं बनवतो. त्याच्या गेटचं सॉफ्टवेअर पायथनमध्ये, फ्लास्क वापरून बांधलेलं. बांधणारा मुलगा केव्हाच पुण्याला गेला आणि कोड माझ्याकडे आला. मेमोची गोष्ट मात्र नवीन होती. मी उत्तर पाठवलं, "दुपारपर्यंत थांबा."

सकाळी ७.४५

पहिली पाळी सातला लागलेली. गेटबाहेर टँकरची रांग, वायपर चालू, ड्रायव्हर केबिनमध्ये पाय वर घेऊन बसलेले.

टँकर आत घ्यायचा म्हणजे पाच पानं भरायची. गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं लायसन आणि त्यावर धोकादायक मालाची परवानगी, पीयूसी, सायलेन्सरला स्पार्क अरेस्टर लावलाय की नाही, माल कुठला, आणि शेवटी काट्यावरचं वजन. पाचवं पान भरून 'जमा करा' दाबलं की नोंद डेटाबेसमध्ये जाते. तोवर अर्धवट माहिती सेशनमध्ये.

"ताई, मी काही दाबत नाही हो," काका म्हणाले. "नंबर टाकतो, लायसन टाकतो, 'पुढे' दाबतो, की परत लॉगिनचं पान. मागे हॉर्न सुरू. वर फोन केला तर म्हणतात, तुम्हीच बंद करता."

"कधी कधी होतं?"

काकांनी व्हिजिटर रजिस्टरचं मागचं पान उघडलं. तारीख, आणि खाली वेळा. कालच्या चार: ८.०५, १०.४९, १२.११, ४.१७. शेवटचा आकडा वेगळ्या अक्षरात होता. काकांची पाळी तीनला संपते, तो दुसऱ्या पाळीच्या मुलाने लिहिलेला. म्हणजे ज्याच्यासाठी मेमो निघणार होता, तो माणूस चौथ्या वेळी घरी जेवून झोपलेला होता. एवढं कळायला संगणकाची गरज नव्हती. मी पानाचा फोटो काढला.

गेटच्या भिंतीवर मोठा पडदा आहे: 'आत असलेली माणसं'. कामगार, ठेकेदाराची माणसं, ड्रायव्हर, पाहुणे. वायुगळती झाली, भोंगा वाजला, की असेंब्ली पॉइंटवर याच यादीने हजेरी घेतात. यादी डेटाबेसमधून येते, त्यामुळे लॉगआउट झालं तरी ती पुसली जात नाही. पण गेटचा पडदा बाहेर पडला की नोंदी कागदावर होतात आणि सवड मिळेल तेव्हा संगणकात चढतात. मधल्या वेळात भिंतीवरचा आकडा खोटा असतो. रसायनांच्या कारखान्यात खोटा आकडा नको.

सकाळी ८.३०

सर्व्हर रूम म्हणजे अकाउंट्सच्या मागची एक खोली: एसी, यूपीएस, उबुंटू चालवणारं एक मशीन आणि दिवाळीचे जुने कंदील.

ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलीभाषेला, म्हणजे एचटीटीपीला, स्मरण नसतं. प्रत्येक विनंती नव्या माणसाची. १९९४ साली नेटस्केपमध्ये लू मोंटुली याने त्यावर कुकीचा तोडगा काढला: सर्व्हरने ब्राउझरला एक खूण द्यायची, ब्राउझरने ती प्रत्येक वेळी परत दाखवायची. कारखान्याच्या गेटवर पाहुण्याला बिल्ला मिळतो, तसंच. बिल्ल्यावर फक्त नंबर, पाहुण्याची माहिती गेटवरच्या खणात. फ्लास्कची स्वतःची पद्धत सगळी माहिती सही करून कुकीतच ठेवायची. इथे मात्र फ्लास्क-सेशन हे जोडसॉफ्टवेअर लावलं होतं, म्हणून कुकीत फक्त नंबर आणि बाकी सगळं सर्व्हरच्या डिस्कवर, प्रत्येक नंबरामागे एक फाइल. फायदा असा की सर्व्हर बंद करून चालू केला तरी कुणी बाहेर पडत नाही.

फोल्डर उघडलं. शेकडो फाइली, प्रत्येकीचं नाव बत्तीस अक्षर-अंकांचं. नंबराच्या आधी ठरलेला शब्द जोडून त्याचा एमडी-फाइव्ह काढला की फाइलचं नाव मिळतं. गेटच्या ब्राउझरमधली कुकी वाचून मी काकांची फाइल शोधली. सव्वादोन केबी. आत लॉगिन, पाळी आणि एका टँकरची तीन पानं.

एक गोष्ट लगेच दिसली. कुणी काही भरत नसतानाही फाइलवरची वेळ दर मिनिटाला पुढे सरकत होती. गेटचं पान मिनिटाला स्वतःहून ताजं होतं, आणि फ्लास्क-सेशनची ही जुनी आवृत्ती काही बदललं असो-नसो, प्रत्येक विनंतीनंतर फाइल नव्याने लिहिते. तीही जागच्या जागी नाही. शेजारी तात्पुरती फाइल लिहायची आणि तिचं नाव बदलून जुनीवर ठेवायची, म्हणजे लिहिताना वीज गेली तरी अर्धी फाइल उरत नाही. पद्धत चांगली, पण त्यामुळे 'शेवटचा बदल केव्हा झाला' ही साक्ष इथे कुचकामी. सगळ्याच फाइली सतत बदलत होत्या.

सकाळी ९.१५

तपासाआधी मी संशयितांची यादी करते.

मुदत संपली? फ्लास्कमध्ये कायम सेशनची ठरलेली मुदत ३१ दिवस. इथे तासा-दोन तासांत गडबड. वगळलं.

गुप्त किल्ली बदलली? काही ठिकाणी ती सर्व्हर सुरू होताना आपोआप घडवतात, मग तीन वर्करांच्या तीन किल्ल्या होतात आणि माणूस कधी आत, कधी बाहेर. पण इथल्या नंबरावर सहीच नाही. वगळलं.

उबुंटूची झाडलोट? तात्पुरत्या फोल्डरातल्या जुन्या फाइली यंत्रणा काढून टाकते. आमचं फोल्डर त्या जागी नाही. डिस्क भरली? निम्मी रिकामी. बॅकअप? रात्री दोनला चालतो, दुपारी सव्वाचारला नाही.

उरला माणूस. कारखान्यात काही बिघडलं की संशय खाली घरंगळत जातो. मॅनेजरकडून सुपरवायझरकडे, सुपरवायझरकडून गेटवर. गेटच्या खाली कुणी नसतं, म्हणून तिथे थांबतो.

मी फोल्डरावर इनोटिफाय लावलं. ही लिनक्सची सोय: फोल्डरात काय घडलं ते घडल्या क्षणी सांगते. कोणती फाइल आली, गेली, नाव बदललं. दर मिनिटाला फाइली मोजून आकडा लिहून ठेवणारी दोन ओळींची स्क्रिप्टही सुरू केली. मग चहा.

सकाळी १०.१२

फोन. "ताई, गेलं."

काकांची फाइल पाहिली. नाव तेच. आकार सव्वादोन केबीवरून जेमतेम काही बाइट. उघडली, तर आत एकच नोंद: 'परमनंट: हो'. लॉगिन नाही, टँकर नाही.

इथे सहज फसायला होतं. तेच नाव, तीच जागा, फक्त आतला माल गायब. बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी फाइल उघडून आतलं पुसलं. एचआर मॅडम मागे उभ्या होत्या, त्याही म्हणाल्या, "म्हणजे कुणीतरी हात लावतंय."

इनोटिफायची नोंद वेगळं सांगत होती. दहा वाजून बारा मिनिटांनी ती फाइल पुसली गेली नव्हती, काढून टाकली गेली होती. काही सेकंदांनी गेटचं पान ताजं झालं, ब्राउझरने जुनाच नंबर दाखवला, सर्व्हरला त्या नंबराची फाइल सापडली नाही. तेव्हा फ्लास्क-सेशनने नवा नंबर न देता त्याच नंबराने कोरं सेशन उघडलं. नंबर तोच, म्हणून फाइलचं नाव तेच. जुनी गेली आणि तिच्या नावाने दुसरी आली. (ब्राउझरने आणलेला अनोळखी नंबर असा निमूट स्वीकारणं सुरक्षेच्या दृष्टीनेही बरं नाही. ते मी वेगळं लिहून ठेवलं.)

आणि गेलेली एकटी नव्हती. त्याच सेकंदात फोल्डरातून १६७ फाइली उडाल्या होत्या.

सकाळी १०.४५

मोजणाऱ्या स्क्रिप्टचे आकडे पाहिले. १०.१२ च्या आधी ५०१. १०.१२ नंतर ३३४. गेल्या १६७. तिप्पट केले की ५०१ भरतात. बरोबर एक तृतीयांश.

माणूस फाइली पुसतो तेव्हा सगळ्या पुसतो, किंवा जुन्या पुसतो, किंवा चुकून एक पुसतो. तीनात एक असा हिशेब माणूस ठेवत नाही.

काकांच्या पानाचा फोटो उघडला. ८.०५ ते १०.४९, १६४ मिनिटं. १०.४९ ते १२.११, ८२. १२.११ ते ४.१७, २४६. एक ८२, दोन ८२, तीन ८२. दर ८२ मिनिटांनी काहीतरी घडत होतं. प्रत्येक वेळी काकांची फाइल सापडत नव्हती, तीनात एकदा सापडण्याची शक्यता. ज्या पानाकडे कुणी बघितलं नव्हतं, त्यात अख्खं गणित मांडलेलं होतं.

१०.१२ मध्ये ८२ मिळवले, ११.३४ आले.

इनोटिफाय काय घडलं ते सांगतं, कुणी केलं ते सांगत नाही. त्यासाठी लिनक्स कर्नलचं ऑडिट लागतं. फोल्डरावर पहारा बसवला की प्रत्येक बदलामागची प्रोसेस, तिचा क्रमांक आणि ती कुठल्या खात्यावर चालते, हे नोंदवलं जातं. तो पहारा लावला आणि मॅडमना सांगितलं, "साडेअकराला इथे या. तोवर गेटवर काका काय करतात तेही कुणाला तरी बघायला सांगा."

सकाळी ११.३४

सुपरवायझर गेटवर उभे. काका खुर्चीत, हात टेबलावर, कीबोर्ड लांब. त्यांनी मुद्दामच लांब ठेवला होता.

अकरा चौतीस झाले आणि फोल्डरातला आकडा ५०१ वरून ३३४ वर आला. या खेपेला काकांची फाइल वाचली, गेटचा पडदा तसाच चालू राहिला. पर्चेसमधल्या एका मुलाने मात्र वरून ओरडून विचारलं, "माझं लॉगआउट कसं झालं?"

ऑडिटच्या नोंदी काढल्या. काढून टाकणारी प्रोसेस पायथन, आमचा कोड चालवणाऱ्या जी-युनिकॉर्नचा वर्कर, खातं खुद्द अॅप्लिकेशनचं. ज्याच्यासाठी फाइली ठेवल्या होत्या, तोच त्या काढत होता.

मॅडमनी पडदा नीट वाचला. "म्हणजे सॉफ्टवेअर स्वतःच?"

"हो. का, ते अजून बघायचंय. पण गेटवरून नाही, हे नक्की."

त्या काही बोलल्या नाहीत. खाली गेल्या. थोड्या वेळाने शिपाई माझ्यासाठी दुसरा चहा घेऊन आला.

दुपारी १.००

कँटीनमध्ये मुगाची उसळ, भात, वर तळलेली मिरची. अकाउंट्सच्या ताई विचारत होत्या, मग आमच्याकडे का नाही कुणी तक्रार केली? आमचंही जात असणार.

प्रश्न बरोबर होता. प्रत्येकाची फाइल तीनात एकदा जात होती. पण ऑफिसातला माणूस दहा मिनिटं काम करतो, उठतो, परत येतो, लॉगिन मागितलं तर कुरकुर न करता टाकतो. त्याला ते रोजचंच वाटतं. गेटचा पडदा चोवीस तास उघडा, आणि त्यात नेहमी कुठला तरी टँकर अर्धा भरलेला. बिघाड सगळ्या इमारतीत सारखा वाटलेला, नुकसान मात्र एकाच खुर्चीत साचलेलं. तक्रारही तिथूनच येणार आणि संशयही तिथेच जाणार.

दुपारी १.४०

आता 'का'. पायथनची मोठी सोय ही, की वापरलेल्या लायब्ररीचा कोड समोर असतो. उघडायचा आणि वाचायचा.

या जुन्या आवृत्तीत फ्लास्क-सेशन फाइली स्वतः सांभाळत नाही. ते काम वेर्कझॉइग या लायब्ररीच्या फाइल-कॅशकडे सोपवतं. फ्लास्क आणि वेर्कझॉइग, दोन्ही आर्मिन रोनाखर याची. फ्लास्क २०१० मध्ये आलं. कॅश म्हणजे परत मोजून काढता येईल अशी माहिती हाताशी ठेवायची जागा. ती हरवली तर थोडा वेळ जातो, बाकी काही बिघडत नाही. म्हणून तिच्यात छाटणीची सोय असते. नवी फाइल लिहिण्याआधी फोल्डरातल्या फाइली मोजायच्या, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असल्या तर काही काढायच्या. फ्लास्क-सेशनमध्ये ही मर्यादा कुणी सांगितली नाही तर ५००.

काढायच्या कोणत्या? जुन्या आवृत्तीतली ती ओळ एवढंच सांगते: जिची मुदत संपली ती, किंवा यादीत जिच्या क्रमांकाला तीनने भाग जातो ती. मोजणी शून्यापासून. शून्य, तीन, सहा, असं ४९८ पर्यंत. ५०१ फाइलींत बरोबर १६७. आणि यादीचा क्रम वयाचा नाही, नावाचाही नाही, डिस्क ज्या क्रमाने देईल तो. म्हणजे कालपासून पडून राहिलेली फाइल राहू शकते आणि या मिनिटाला टँकर भरणाऱ्या माणसाची जाऊ शकते.

कॅशसाठी ही युक्ती वाईट नाही. झटपट आहे, फारसा हिशेब ठेवावा लागत नाही. पण सेशन म्हणजे कॅश नव्हे. काकांनी टाकलेला लायसन नंबर कुठून परत मोजून काढणार? २०२० मध्ये वेर्कझॉइगच्या १.० आवृत्तीतून हा भाग काढला गेला, तो कॅशलिब नावाने वेगळा नांदतो, आणि तिथे पुढे तीनात एकची पद्धतही गेली. या मशीनवर मात्र सगळं बसवलं त्या दिवसाचंच होतं.

दुपारी २.२०

वाचलेलं पटलं म्हणून खरं ठरत नाही. लॅपटॉपवर त्याच जुन्या आवृत्त्या बसवल्या, मर्यादा ५०० ऐवजी ६ केली, आणि कुकी न ठेवता लॉगिनचं पान एकामागून एक मागवलं. सात फाइली झाल्या. पुढची विनंती येताच यादीतली पहिली, चौथी आणि सातवी गेली. परत केलं, परत तसंच.

आता दुसरा अर्धा भाग. या कारखान्यात सॉफ्टवेअर वापरणारी माणसं तीसेक. पाचशे फाइली कुणाच्या?

उत्तर वेब सर्व्हरच्या, म्हणजे एनजिनएक्सच्या, लॉगमध्ये होतं. कारखान्यातल्याच एका पत्त्यावरून दर ३० सेकंदांनी लॉगिनचं पान मागितलं जात होतं. दिवसरात्र, न चुकता, कुकी न दाखवता. चौकशी केली. जुलैच्या शेवटी पावसात वीज सारखी ट्रिप होत होती, तेव्हा नेटवर्कच्या ठेकेदाराने सॉफ्टवेअर चालू आहे का हे बघणारी छोटी स्क्रिप्ट बसवली. बंद पडलं तर मोबाइलवर मेसेज. चांगलंच काम. पण ती स्क्रिप्ट ब्राउझर नव्हे. मिळालेली कुकी ती ठेवत नाही, म्हणून दर वेळी नवी पाहुणी. आणि प्रत्येक पाहुणीसाठी एक फाइल.

खरं तर ज्याने काही केलं नाही त्याचं सेशन रिकामं, आणि रिकामं सेशन लिहायचं नाही, असा नियम कोडमध्ये आहे. पण सेशन उघडतानाच त्यात 'परमनंट: हो' ही खूण पडते. खूण पडली की ते रिकामं राहत नाही. मग फाइल होते, ३१ दिवसांची. मुदत संपलेली म्हणून ती छाटणीत जाण्याचाही प्रश्न नाही.

मिनिटाला दोन. तासाला १२०. दिवसाला २,८८०. छाटणीनंतर उरतात ३३४, परत मर्यादा ओलांडायला लागतात १६७. निव्वळ स्क्रिप्टच्या बळावर साडेत्र्याऐंशी मिनिटं. दोन-चार खऱ्या माणसांची नवी सेशनं धरली तर ८२. रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहिलं होतं तेच.

मर्यादा वर्षानुवर्षं ५०० च होती, तीनात एकची ओळ त्याहून जुनी, परमनंटची खूणही जुनी. तीसेक माणसांत कधीच काही झालं नाही. चौथी गोष्ट येऊन मिळाली, तीही भल्यासाठी, तेव्हा जुन्या तीन बोलू लागल्या.

दुपारी ३.००

पाळी बदल. या अर्ध्या तासात मी सर्व्हरला बोट लावत नाही. पहिली पाळी बाहेर, दुसरी आत, ठेकेदाराची माणसं, रेनकोटातून पाणी निथळतंय, बायोमेट्रिकवर ओली बोटं. भिंतीवरचा आकडा वर-खाली होत होता. काका डबा घेऊन निघाले. जाताना दुसऱ्या पाळीच्या मुलाला रजिस्टर देऊन म्हणाले, "वेळ लिहायची विसरू नको."

दुपारी ४.१०

गर्दी ओसरली. आज करायचं ते लहान आणि परत फिरवता येईल असं.

एक, तपासणीच्या स्क्रिप्टसाठी वेगळा पत्ता. तो डेटाबेस चालू आहे का बघतो, 'ठीक' म्हणतो आणि उत्तर देण्याआधी सेशन रिकामं करतो. रिकाम्या सेशनची फाइल होत नाही. ठेकेदाराच्या माणसाने फोनवरच स्क्रिप्टमधला पत्ता बदलला. लॉगिनचं पान उघडतं का एवढंच बघण्यापेक्षा डेटाबेसपर्यंत जाऊन येणारी तपासणी त्यालाही बरी वाटली.

दोन, मर्यादा ५०० वरून बरीच वर. हा इलाज नव्हे, फक्त सवड.

तीन, फोल्डरातल्या ज्या फाइलींत परमनंटच्या खुणेशिवाय काहीच नाही, त्या काढल्या. आधी बाजूला ठेवल्या, मग यादी तपासली, मग काढल्या. खरी सेशनं उरली तिशीच्या आत-बाहेर.

जी-युनिकॉर्नला सौम्य संदेश दिला: हातातल्या विनंत्या पुऱ्या करा, मग नव्या कोडने उभे राहा. गेटवर फोन केला. दुसऱ्या पाळीचा मुलगा टँकरच्या चौथ्या पानावर होता, त्याला काही जाणवलंही नाही.

संध्याकाळी ५.४५

इतका वेळ थांबले, कारण ८२ मिनिटं जायला हवी होती. ती गेली आणि कुणी बाहेर पडलं नाही. मॅडमना तेवढं पुरे वाटलं. मला नाही. बिघाड असतानाही एका फेरीत काकांची फाइल वाचण्याची शक्यता तीनात दोन होती. सकाळी ११.३४ ला ती वाचलीच होती. कुणी ओरडलं नाही म्हणजे दुरुस्त झालं, हा पुरावा होत नाही.

पुरावा मोजणाऱ्या स्क्रिप्टकडे होता. दुरुस्तीनंतर फोल्डरातला आकडा जवळपास जागचा हलला नव्हता. जे चार-पाच वाढले, त्या प्रत्येक फाइलमागे लॉगिन केलेलं माणूस होतं. आणि ऑडिटमध्ये फाइल काढल्याची एकही नोंद नव्हती.

संध्याकाळी ६.१५

रसायनांच्या कारखान्यात कुठल्याही घटनेनंतर छापील फॉर्म भरावा लागतो: काय घडलं, मूळ कारण, तात्काळ उपाय, कायमचा उपाय. मॅडमनी तो माझ्यापुढे सरकवला. 'मूळ कारण'च्या शेजारी एक चौकट होती: 'जबाबदार व्यक्ती'.

"इथे काय लिहू?" त्यांनी विचारलं. "नाव हवंच. रिकामं ठेवलं तर ऑडिटवाले विचारतात."

मी नावं मनात फिरवून पाहिली. लायब्ररी लिहिणाऱ्याने कॅशसाठी योग्य तेच केलं होतं. पुण्याला गेलेल्या मुलाने तीस माणसांसाठी पाचशेची मर्यादा तशीच ठेवली, तीही सतरापट होती. ठेकेदाराने पावसाळ्यात काळजी घेतली. काकांनी तर वेळा लिहून ठेवल्या. एकेकट्याला पकडलं तर प्रत्येक जण सुटतो.

"ही चौकट पुढच्या ओळींसाठी वापरू," मी म्हटलं. "ज्याने केलं त्याचं नाव नको, जो करणार आहे त्याचं लिहू."

मग ओळी भरल्या. टँकरची अर्धवट नोंद सेशनमध्ये न ठेवता पहिल्या पानापासूनच डेटाबेसमध्ये लिहायची, म्हणजे लॉगआउट झालं तरी माणूस तिसऱ्या पानावरून पुढे जाईल: जबाबदार व्यक्ती मी, मुदत महिनाअखेर. फ्लास्क-सेशन आणि सोबतच्या लायब्ररी आजच्या आवृत्तींवर आणायच्या: मी, त्याच्या पुढचा महिना. सर्व्हरवर काहीही नवीन बसवण्याआधी आम्हाला कळवायचं: नेटवर्कचा ठेकेदार. सेशनच्या फाइलींची संख्या रोज सकाळी बघायची: अकाउंट्सच्या ताई, त्यांनी दुपारीच विचारून घेतलं होतं.

शेवटची ओळ मॅडमनी स्वतःच्या हाताने लिहिली. गेटवर सॉफ्टवेअर बंद पडल्याची वेळ नोंदवायला रजिस्टरमध्ये वेगळा रकाना, तिन्ही पाळ्यांसाठी. जबाबदार व्यक्तीच्या चौकटीत त्यांनी काकांचं पूर्ण नाव घातलं आणि मला विचारलं, "आडनावातला ळ ना हा, की ल?" मला माहीत नव्हतं. त्यांनी गेटवर फोन लावला, दुसऱ्या पाळीच्या मुलालाही माहीत नव्हतं. मग त्यांनी काकांच्या घरीच फोन केला.